एकाच गोळीच्या दोन किमती

केरीच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर, पाण्यापलीकडे, तेरेखोलचा किल्ला दिसतो. मध्ये खाडीचे पात्र. फेरीबोट ते काही मिनिटांत ओलांडते. किल्ला सावंतवाडीकरांचा. १७४६ साली तो पोर्तुगिजांनी घेतला आणि नदीच्या उत्तर काठावरचा तो एवढासा तुकडा गोव्याला जोडला गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. किल्ल्याच्या पाठीला लागून असलेले रेडी गाव आज महाराष्ट्रात आहे, तेरेखोल गोव्यात. गोवा मुक्त होण्यापूर्वी या भागात एकाच वस्तूची अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी किंमत असे, आणि परदेशी घड्याळे नि दाढीची पाती रात्री होडीतून कशी सरकत, याच्या गोष्टी आमच्या घरातील वडीलधारी माणसे रंगवून सांगत. वस्तू तीच, फक्त मध्ये रेषा आली की मोल बदलते, हा धडा मी त्या गोष्टींतून शिकलो. तो पुन्हा गिरवण्याची पाळी एका औषधाच्या निमित्ताने येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

माझ्या आत्याची मुलगी, आमची अक्का, पेडणे महालातल्या या केरीला दिलेली. २०२२च्या पावसाळ्यात तिला खोकला लागला. काही महिने तो क्षय समजून त्यावर उपचार झाले. आपल्या देशात क्षय इतका सर्वत्र आहे, की छातीच्या चित्रातली सावली पाहून पहिला संशय तिकडेच जावा, यात नवल नाही. पण खोकला हटेना, वजन उतरू लागले, तेव्हा तुकडा काढून तपासला आणि फुफ्फुसाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. अक्काचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. विडी-सिगारेटला तिने जन्मात हात लावला नव्हता. चुलीच्या धुरात तिची चाळीस वर्षे गेली, पण तेच कारण असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. धूम्रपान न करणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, हा रोग होतो आणि आशियात तो बऱ्यापैकी दिसतो, एवढे मात्र खरे.

कार्तिकातल्या एका रात्री भाच्याचा बडोद्याला मला फोन आला. म्हणाला, “मामा, डॉक्टरांनी दोन गोळ्यांची नावे लिहून दिली आहेत. एक नवी, महिन्याला लाखाच्या वर. दुसरी जुनी, तिचा भाव दुकानागणिक वेगळा. नवी घ्यायची तर काजूची बाग काढावी लागेल. तुम्ही औषधांच्या कारखान्यात आयुष्य काढलेत. काय करू?”

वाचकहो, मी डॉक्टर नव्हे. तीस वर्षे कारखान्याच्या प्रयोगशाळेत गोळ्यांची शुद्धता तपासणारा रसायनाचा माणूस. बडोद्याच्या मराठी माणसाला हा व्यवसाय परका नाही. १९०७ साली येथे ॲलेंबिक उभी राहिली, तेव्हा गज्जर आणि अमीन यांच्या जोडीला कोटिभास्कर होतेच. तेव्हा त्या रात्री भाच्याला जे सांगितले आणि पुढे त्यात जी भर पडली, ते या सदरातून आपल्यापुढे ठेवतो. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाकाठी सुमारे ८१ हजार लोकांना हा रोग होतो. म्हणजे असा फोन अनेक घरांत वाजत असणार.

पहिली गोष्ट, ही गोळी सरसकट सर्वांसाठी नाही. पेशीच्या पृष्ठभागावर ‘ईजीएफआर’ नावाचे एक प्रथिन असते. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते आत कळवते आणि पेशी वाढते. काही रुग्णांच्या गाठीत या प्रथिनाच्या जनुकात बिघाड होतो आणि निरोप नसतानाही ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सुटत राहतो. जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब ही औषधे नेमकी तेथेच जाऊन बसतात आणि तो हुकूम थोपवतात. म्हणून त्यांना लक्ष्यवेधी औषधे म्हणतात. हा बिघाड २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी ओळखला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आशियाई रुग्णांवरील मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले, की बिघाड असलेल्यांत जेफिटिनिब नेहमीच्या शिरेतून द्यायच्या औषधांपेक्षा सरस ठरते आणि बिघाड नसलेल्यांत ते निकृष्ट ठरते. भारतात या रोगाच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत हा बिघाड सापडतो. तेव्हा आधी गाठीची चाचणी आणि मग गोळी. चाचणीवाचून गोळी सुरू करणे म्हणजे कुलूप न पाहता किल्ली विकत घेणे होय. अक्काची चाचणी झाली होती आणि बिघाड सापडला होता.

दुसरी गोष्ट, एकाच औषधाला दोन किमती का? याचे उत्तर औषधशास्त्रात नाही, कायद्यात आहे.

स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे पेटंटचा इंग्रजी अमदानीतला, १९११चाच कायदा चालू होता आणि औषधांच्या किमती गरिबाच्या आवाक्याबाहेर होत्या. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सरकारला अहवाल दिला. त्याच्या पायावर १९७०चा पेटंट कायदा झाला आणि तो १९७२ साली अमलात आला. त्यातील मख्खी अशी, की औषध या पदार्थावर मक्ता मिळणार नाही. तो बनवण्याच्या विशिष्ट रीतीवर तेवढा मिळेल, तोही अल्प मुदतीचा. रीत बदलून तेच औषध बनवण्यास दुसरा मोकळा. आमच्या पिढीच्या रसायनतज्ज्ञांनी आपली उमेद याच वाटेवर खर्च केली. मुंबईत १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी स्थापलेली सिप्ला ही या वाटेवरची ठळक कंपनी. गोव्यात वेर्णे येथेही तिचा कारखाना आहे. २००१ साली तिने एड्सवरील तीन औषधांचे मिश्रण दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केले, तेव्हा जगाचे डोळे उघडले.

पुढे जागतिक व्यापार संघटनेचा करार झाला आणि १ जानेवारी २००५ पासून औषध-पदार्थावरही वीस वर्षांचे पेटंट देणे भारताला भाग पडले. आमच्या दोन गोळ्या नेमक्या या उंबरठ्यावर सापडल्या.

जेफिटिनिबचा भारतातील पेटंट-अर्ज फेटाळला गेला आणि २०१२ साली अपील मंडळानेही तोच निर्णय कायम ठेवला. त्यामुळे ते औषध अनेक भारतीय कंपन्या बनवू शकल्या. एर्लोटिनिबला मात्र २००७ साली रोश कंपनीला पेटंट मिळाले. त्या वेळी तिची एक गोळी ४,८०० रुपयांची होती. रोज एक घ्यायची, म्हणजे महिन्याचा खर्च १ लाख ४४ हजार. जानेवारी २००८मध्ये सिप्लाने तेच औषध गोळीला १,६०० रुपयांत बाजारात आणले. रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. १९ मार्च २००८ रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी सिप्लाला तात्पुरती मनाई करण्यास नकार दिला. पेटंटच्या वैधतेविषयी शंका उपस्थित झालीच होती. पण जीव वाचवणारे औषध स्वस्त मिळण्यात लोकांचे जे हित आहे, तेही मनाईचा विचार करताना तराजूत घातले पाहिजे, असे त्यांनी नमूद केले. २००९च्या एप्रिलमध्ये द्विसदस्य पीठाने हा नकार उचलून धरला. त्या पीठावर न्यायमूर्ती मुरलीधर यांच्यासह मुख्य न्यायाधीश अजित प्रकाश शहा होते. शहा मूळचे सोलापूरचे, हे आपल्या वाचकांना सांगण्यात थोडा अभिमान आहेच.

खटला तेथे थांबला नाही. २०१२ साली पेटंट वैध ठरले, पण सिप्लाने त्याचा भंग केलेला नाही, असा निकाल लागला. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये अपिलात तो फिरला आणि भंग झाल्याचे ठरले. पण पेटंटची मुदत अवघ्या काही महिन्यांत, मार्च २०१६मध्ये, संपत होती. म्हणून विक्री थांबवण्याचा हुकूम निघाला नाही. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने शेवटी पारडे मूळ कंपनीकडे झुकले, हे लपवण्यात अर्थ नाही. संशोधनाला पैसा लागतो आणि तो कोठून तरी वसूल व्हायला हवा, हेही मी नाकारत नाही. पण मधल्या आठ वर्षांत ज्यांनी स्वस्त गोळी घेतली, त्यांना न्यायालयाचा अंतिम निकाल येईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते. अमेरिकेत हीच गोळी जेनेरिक रूपात यायला २०१९ उजाडले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एर्लोटिनिबला आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले आणि जेफिटिनिब हा त्याला चालणारा पर्याय म्हणून नोंदवला.

आता तिसरी गोष्ट, आणि घराघरांत घोटाळा होतो तो येथेच. स्पर्धा आली म्हणजे प्रत्येक दुकानात किंमत उतरतेच असे नाही. कंपनीने घाऊक भाव उतरवावा आणि वेष्टनावरची कमाल किंमत जुनीच छापावी, मधला फरक वाटेत मुरावा, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. २०१९ साली केंद्राच्या औषध-किंमत प्राधिकरणाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरील नफ्याची मर्यादा ३० टक्के ठरवली. तेव्हा एर्लोटिनिबच्या एका छापाची वेष्टनावरील किंमत ९,९९९ रुपयांवरून ८९१ रुपये ७९ पैशांवर आली. औषध बदलले नव्हते, कारखाना बदलला नव्हता. बदलला तो फक्त छापील आकडा. यावरून आधीच्या किमतीत औषध किती आणि दलाली किती, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आमच्या भाच्यालाही याचा अनुभव आला. शहरातल्या एका दुकानदाराने पहिल्या महिन्यात जेफिटिनिबचा सर्वांत महाग छाप हातावर ठेवला आणि दुसरा मिळतो असे सांगितलेसुद्धा नाही. पट्टीचे छायाचित्र त्याने मला पाठवले. मी म्हटले, “बाबा, मोठ्या अक्षरांतले नाव वाचू नकोस, त्याखालचे बारीक अक्षरांतले वाच. औषध ते आहे. त्या नावाने चार ठिकाणी विचार.” दुसऱ्या महिन्यात रुग्णालयाच्या औषधालयातून तीच २५० मिलिग्रॅमची गोळी, तीस दिवसांची, सुमारे तीन हजारांत मिळाली.

पण आता अक्काच अडून बसली. स्वस्त गोळी लागू पडेल का? ही शंका तिच्या एकटीची नाही. स्वस्त ते कमअस्सल, असे आपल्या हाडीमाशी खिळले आहे, आणि कापडाच्या किंवा भांड्यांच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही असते. औषधात कसोटी निराळी. जेनेरिक गोळी आणि मूळ गोळी निरोगी माणसांना देऊन रक्तात औषध किती आणि किती वेळात पोचते, ते मोजतात. ठरलेल्या मर्यादेत दोन्ही जुळली तरच ती समकक्ष मानतात. बनावट आणि निकृष्ट माल बाजारात असतो, हे मी कारखान्यातला माणूस म्हणून जाणतो. परंतु बनावट करणारा महाग छापाचीच नक्कल करण्याचा संभव अधिक, कारण पैसा तेथे आहे. म्हणून विश्वास किमतीवर ठेवू नये. परवानाधारक दुकान, पक्के बिल, आणि बिलावर पट्टीवरचाच बॅच क्रमांक, यांवर ठेवावा. अक्काला हे सगळे फोनवर सांगितले. ती म्हणाली, “तू तपासलेली असशील तर घेते.” मी ती गोळी तपासली नव्हती. पण ‘अशाच हजारो तपासल्या आहेत’ एवढे खरे बोलून मी तिचा होकार मिळवला.

मग नव्या गोळीचे काय? ती सोडली हे योग्य झाले का? या प्रश्नाला मी बगल देणार नाही. नव्या पिढीच्या ओसिमर्टिनिब या औषधाची जुन्या दोन गोळ्यांशी मोठ्या अभ्यासात तुलना झाली, तेव्हा नवे घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ३८.६ महिने आणि जुने घेणाऱ्यांचे ३१.८ महिने भरले. म्हणजे नवे सरस आहे. सुमारे सात महिन्यांनी सरस. त्याचे पेटंट अजून चालू आहे. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात त्यावरील आयात-शुल्क माफ झाले, तरी ते सामान्य घराला झेपेल असे झाले नाही. दुसरीकडे मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. वनिता नोरोन्हा आणि डॉ. कुमार प्रभाष यांच्या पथकाने ३५० रुग्णांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना नुसते जेफिटिनिब आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला शिरेतून देण्याची दोन जुनी औषधे दिली. रोग आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ आठ महिन्यांवरून सोळा महिन्यांवर गेला. त्रास मात्र वाढला. परवडणाऱ्या औषधांतून जास्तीत जास्त आयुष्य कसे काढावे, हा आपल्या देशाचा प्रश्न आपल्याच डॉक्टरांनी सोडवायला घेतला, याचे मोल मला फार वाटते.

भाच्याने आणि मी कागदावर हिशेब मांडला. बागेचे येतील तेवढे पैसे साधारण चौदा महिन्यांत संपले असते. त्यानंतर गोळीही नाही आणि बागही नाही. निर्णय अखेर अक्कानेच दिला. ओट्यावर बसून आमचे बोलणे ती ऐकत होती, हे आम्हांला ठाऊक नव्हते. “बाग विकू नको रे, झिला,” ती म्हणाली, “माझ्या सासऱ्यान लावलेली ती.” वय आणि अंगातली ताकद पाहून डॉक्टरांनी नुसते जेफिटिनिबच द्यायचे ठरवले.

तीन आठवड्यांत खोकला उतरला. अंगावर पुरळ आले, मधूनमधून जुलाब झाले; ही या औषधाची नेहमीची खूण. पित्तासाठी ती सवयीने घेत असे ती आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांनी बदलली, कारण तिच्यामुळे हे औषध अंगात नीट उतरत नाही. अक्का पुन्हा काजूच्या बोंडांमागे बागेत फिरू लागली. दोन उन्हाळे तिने पाहिले. २०२४च्या मध्यास खोकला परतला.

या औषधाचा स्वभावच असा आहे. वर्षभराच्या आगेमागे गाठ त्याला चुकवण्याची नवी वाट काढते. सुमारे निम्म्या रुग्णांत ती वाट एका ठराविक नव्या बिघाडाची असते आणि त्यावर ओसिमर्टिनिब चालते. म्हणून रक्त पुन्हा तपासायला गेले. अहवाल येईपर्यंतचे दहा दिवस भाच्याने कसे काढले, ते त्याने मला नंतर सांगितले. अहवाल नकारार्थी आला. म्हणजे ती महाग गोळी अक्काला लागू पडेल, याला आधार मिळाला नाही. “मामा,” तो म्हणाला, “वाचल्यावर पहिल्यांदा मला सुटल्यासारखे वाटले. बाग राहिली म्हणून. आईला औषध नाही हे मागाहून ध्यानात आले.” मग बराच वेळ तो काही बोलला नाही. त्याला मी काय सांगणार? आईच्या आजाराचा अहवाल आणि बागेचा सातबारा मुलाला एकाच वेळी हातात धरावे लागतात, यात दोष मुलाचा नव्हे, एवढेच सांगितले. पुढे शिरेतून देण्याची औषधे झाली. त्या वर्षाच्या अखेरीस अक्का गेली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बिछान्यावर.

आता आपल्या घरांसाठी चार शब्द. आपण मराठी कुटुंबे नाना प्रांतांत विखुरलेली. आजारपणात मात्र ‘मुंबईला नेऊ’ हा आपला पहिला विचार. जरूर न्यावे, पण सरकारी योजना आडनावावर नव्हे, रहिवासावर मिळते. केरीच्या माणसाला २०१६ची गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, तर हाकेच्या अंतरावरच्या रेडीकराला महाराष्ट्राची महात्मा फुले योजना. बडोदे, इंदूर किंवा हैदराबादकरांनी आपापल्या राज्याची योजना आधी चौकशी करून ठेवावी. जनुकाची चाचणी झाल्यावाचून गोळी सुरू करू नये. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची डॉक्टरांना विनंती करावी आणि परवडणारा पर्याय कोणता, हे विचारण्यात संकोच मानू नये. मोठ्या कर्करोग रुग्णालयांची औषधालये, जनऔषधी आणि अमृत दुकाने येथे त्याच नावाने भाव विचारावा. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. एर्लोटिनिब असेल तर उपाशीपोटी. अचानक धाप वाढली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. क्वचित प्रसंगी हेच औषध फुफ्फुसाला सूज आणते.

गेल्या मार्गशीर्षात वर्षश्राद्धाला केरीला गेलो होतो. बागेत मोहोर धरू लागला होता. परतताना भाचा धक्क्यापर्यंत पोचवायला आला. समोर किल्ला होता आणि फेरीबोट नेहमीसारखी या काठावरून त्या काठावर जात होती. भाच्याने खिशातून जेफिटिनिबची एक न उघडलेली पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. “शेवटच्या डबीतली उरली आहे. रेडीला एक बाई आहे म्हणतात याच आजाराची. द्यावी का?”

मी पट्टी उलटून मुदत पाहिली. ती संपून गेली होती.

“ही नको,” मी म्हटले, “पण नाव लिहून दे. बारीक अक्षरांतले.”